नात लपली की वळायचं

त्या सकाळी मायलेकींचं वाजलं ते वायरलेसवरून. घरात त्यांचं रोजच वाजायचं, त्यात नवल काही नव्हतं, पण त्या दिवशी लेकीने भर धक्क्यावर, चारचौघांसमोर तोंड उघडलं.

"आई, आज मी सेट बंद ठेवणार आहे. आधीच सांगून ठेवते."

"बंद? अगं, आणि काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही गं! परवा मी ऐन वळणावर, दोन्ही हात चाकाला, आणि तू विचारतेस काय, तर पाणी प्यायलीस का. सगळ्या बोटींवर ऐकू जातं ते. आता जो भेटेल तो मला विचारतो, काय, पाणी प्यायलीस का?"

धक्क्यावरची मंडळी हसली. तिकीटवाला तर पोट धरून हसला. आईचा चेहरा एवढासा झाला, पण माघार घेईल तर शपथ. ती म्हणाली, "मग प्यायलीस का नाही?"

लेकीने कपाळावर हात मारून घेतला, दोर सोडला आणि बोट घेऊन निघाली. बोटीत बँकेतून निवृत्त झालेल्यांचा एक घोळका होता, लांबच्या कमानी बघायला निघालेला. टोप्या घातलेले ते आजी-आजोबा उत्साहाने हात हलवत होते. लेकीने मात्र मागे वळून पाहिलं नाही.

आईला धक्क्यावर भोंगाताई म्हणत. आधी तोंडावर ताई आणि पाठीमागे भोंगा असं चालायचं, मग कधीतरी दोन्ही जोडलं गेलं आणि तिनेही ते मुकाट्याने घेतलं. काळजी करणं हा तिचा जोडधंदा होता. मुख्य धंदा शिवणाचा. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली, तिच्यात एक दणकट मशीन, आणि त्या मशीनवर ती बोटींची कव्हरं शिवायची. जाड ताडपत्रीत सुई घालताना तिच्या गळ्यात छोटा वायरलेस सेट लटकत असायचा. एक शिवण झाली की बटण दाबायचं आणि लेकीला विचारायचं, वारा कसा आहे, डोकं झाकलंस का, इंजिनचा आवाज बरोबर येतोय ना. नवरा समुद्रात बुडाला असता तर लोक म्हणाले असते, बिचारीने धसका घेतलाय. पण तो गेला घरच्या अंथरुणावर, तापाने, आणि ही त्याच्याही आधीपासून अशीच. आता अशा बाईची लेक बोट चालवायला लागली, म्हणजे काय झालं असेल तुम्हीच बघा.

आणि तो किनाराही काही साधासुधा नव्हता. कड्यापासून तुटून समुद्रात उभे राहिलेले सुळके, पाण्याने पोखरून केलेल्या कमानी, सगळा दगडांचा बाजार. बंदरात शिरायची वाटही एका कमानीखालूनच होती. तिला सगळे दार म्हणत. दारात शिरायचं तर बरोबर एका जागी वळावं लागे. जरा आधी वळलं की पाण्याखाली खडकांची धारदार रांग, तिचं नाव करवत. जरा उशीर झाला की पाण्याची ओढ लागे आणि बोट सुळक्यांवर जाऊन आदळे. पाण्यावर काही खूण नाही, लाट नाही, फेस नाही. मग ती बरोबर जागा ओळखायची कशी?

त्यासाठी आजोबा आणि नात होते. आजोबा म्हणजे दाराच्या बाहेर उभा असलेला रुंद, पोट सुटलेला सुळका. त्याच्या मागे, कड्याच्या अंगाला, दुसरा बारीक आणि उंच, ती नात. समुद्रावरून परत येताना आधी दोघं वेगवेगळे दिसायचे. बोट पुढे येईल तशी नात आजोबांकडे सरकायची, सरकत सरकत त्यांच्या पाठीमागे जायची आणि एका क्षणी पूर्ण दिसेनाशी व्हायची. तोच क्षण. चाक डावीकडे, नाक दारात, सुटलो. धक्क्यावरच्या प्रत्येकाला बोलता यायला लागलं की हे शिकवलं जायचं. नात लपली की वळायचं.

लेकीला हे शिकवलं होतं भोंगाताईनेच, आणि तेही घरात. बाप बोटीवर असायचा आणि पोरगी हट्टाला पेटायची, मला पण बोट चालवायचीय. मग कपडे ठेवायचं मोठं कपाट व्हायचं आजोबा आणि आई व्हायची नात. कपाटामागे दोन्ही हात डोक्यावर सरळ ताणून उभं राहायचं, हलायचं नाही, हसायचं नाही. पोरगी हातात ताट धरून, तेच चाक, भिंतीच्या कडेने घुर्र घुर्र करत यायची. आई कपाटाआड गेली की ओरडायची, "आई लपली! वळते!" आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत. आत पोचल्यावर तिथून हुकूम सुटायचा, "पोचले! हात खाली!" तोवर हात खाली घ्यायची सोय नव्हती. एकदा शेजारीण आली आणि ही बया कपाटामागे हात वर करून उभी! शेजारणीला वाटलं, घरात चोर शिरलाय.

तर त्या दिवशी दुपार कलली तेव्हा भोंगाताई एक भगवं कव्हर शिवत होती. बंदरसाहेबांच्या बचावबोटीचं. बोट शेजारच्या बंदरात रंगवायला गेली होती, तेवढ्यात कव्हर नवं करून घ्यायचं होतं. सेट गळ्यात होता, पण मुका. सकाळपासून तिने कितीदा तरी बटण दाबलं होतं आणि पलीकडून नुसती खरखर आली होती.

अचानक पायाखालची जमीन थरथरली. सुई मोडली. मग आवाज आला, आणि तो संपेचना. ती धावत बाहेर आली तर सगळा धक्का बाहेर आलेला. दाराच्या पलीकडे, कड्याच्या कडेला, धुळीचा एक लोट उभा होता आणि पक्षी वेड्यासारखे घिरट्या घालत होते. लोट खाली बसला तेव्हा आजोबा एकटेच होते.

"नात गेली," कुणीतरी म्हणालं.

मग एकदम सगळे बोलायला लागले. पडायचीच होती हो, पाय किती बारीक झाला होता तिचा. नशीब, खाली कुणी नव्हतं. तिकीटवाल्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं, आता तिथे काय दिसणार होतं कोण जाणे. एका म्हाताऱ्या मासेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि भोंगाताई? जन्मात पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. लेक लांब होती. दगड पडले तेव्हा तिथे नव्हती. तिने छातीवर हात ठेवून मोठा श्वास घेतला, खोलीत गेली, मशीनला नवी सुई लावली. आता लेक येईल, तिला सांगू, बघ, तू नव्हतीस तेव्हा केवढं झालं. आजोबांना एकटं बघून तिला कसंतरीच वाटेल. आल्या आल्या विचारेल, नात कुठे लपली?

दोरा सुईत जाता जाता राहिला.

नात लपली की वळायचं. आणि नात दिसत नाही म्हणजे काय? लपली. हवा दुपारपासून धुरकट झाली होती. पोर बोट घेऊन येणार, समोर एकटे आजोबा. ती म्हणणार, अगं बाई, नात लपलीसुद्धा! मला उशीर झाला! मागे एकदा तिला वळायला उशीर झाला होता तेव्हा काकाने सगळ्यांदेखत झापली होती. तेव्हापासून तिला उशिराचं भय. ती क्षणभर थांबायची नाही. गर्रकन चाक फिरवेल आणि सरळ करवतीवर जाईल, बोट भरून म्हाताऱ्या माणसांना घेऊन.

भोंगाताई उठली आणि जी पळत सुटली ती थेट बंदरसाहेबांच्या कचेरीपाशी. साहेब बाहेरच उभे होते, दुर्बीण लावून. शेजारी तिचे धाकटे दीर, म्हणजे लेकीचे काका, ज्यांना ती भाऊजी म्हणायची. सारी हयात त्यांची त्या दारातून ये-जा करण्यात गेलेली, लेकीला इंजिन शिकवलं तेही त्यांनीच.

तिने धापा टाकत सांगितलं. दोघांनी ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. ती नजर तिच्या चांगली ओळखीची होती.

"ताई," साहेब समजुतीने म्हणाले, "एवढा मोठा सुळका पडलाय. तिला दिसणार नाही का?"

"जे नाही ते कसं दिसेल, साहेब?"

"वहिनी, तुमचं नेहमीचंच," भाऊजी म्हणाले. "पोरगी काय आंधळी आहे? बघेल, जागा रिकामी आहे, सावध होईल. तुम्ही आपल्या बसा बघू, चहा घ्या."

चहा घ्या! तिच्या मस्तकात तिडीक गेली. आयुष्यभर ती उगाचच घाबरली होती, हे तिलाही ठाऊक होतं. वाऱ्याला घाबरली, ढगाला घाबरली, लेक शिंकली तरी घाबरली. त्या सगळ्या घाबरण्याची वसुली आज, जेव्हा एकदा तरी कुणी ऐकायला हवं होतं तेव्हा, अशी व्हावी? ती भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"काय?"

"मिटा म्हणते ना! चाक धरा. हातात चाक आहे असं धरा. आता तुम्ही बाहेरून येताय. हवा धुरकट. लाटा मागून ढकलतायत. आजोबा दिसले?"

"दिसले," भाऊजी डोळे मिटून म्हणाले. आजूबाजूला माणसं जमली होती, म्हणून ते जरा हसत होते.

"नात दिसते?"

"नाही..."

आणि त्यांचे हात डावीकडे फिरले. कुणी सांगितलं नाही, काही नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने आपसूक फिरले. भाऊजींनी डोळे उघडले, आपल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. जमलेल्यांतही कुणी हसलं नाही. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी बोट चालवली होती.

"गेली करवतीवर," भाऊजी पुटपुटले. "साहेब, वहिनी बरोबर बोलतायत. मी असतो तरी गेलो असतो."

मग मात्र धावपळ झाली. साहेब काही वाईट माणूस नव्हते, पटल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. आत जाऊन मोठ्या सेटवरून हाका मारून पाहिल्या. उत्तर नाही. आई गळ्यातल्या सेटवर ओरडत होती ते वेगळंच. बोट पाठवावी म्हटलं तर ओहोटी लागलेली, धक्क्यावरच्या साऱ्या बोटी चिखलात पोट टेकून बसल्या होत्या. बचावबोट रंगाला गेलेली. साहेब म्हणाले, लाल बाण सोडू. भाऊजी म्हणाले, नको हो, लाल बाण म्हणजे कुणीतरी संकटात, ती मदतीला म्हणून आणखी जोरात येईल. तिकीटवाला म्हणाला, आपण सगळे कड्यावर जाऊन हात हलवू. पण कड्यावरून येणारी-जाणारी माणसं रोजच हात हलवायची, आणि लेकही रोज हसून हात हलवायची.

भोंगाताई काही ऐकत नव्हती. ती कड्याकडे बघत होती, जिथे नात नव्हती तिथे.

"भाऊजी, होडगं चिखलावरून ओढता येईल?"

"येईल. पण वल्ह्यांवर आजोबांच्या पुढे नाही जाता येणार, वहिनी. ओढ लागली की गेलोच आपण."

"पुढे नाही जायचं. नातीपर्यंत जायचं."

"नात कुठे आहे आता?"

"मी होते ना," ती म्हणाली.

भाऊजींना समजायला क्षणभर लागला. मग ते होडग्याकडे पळाले. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारा माणूस, पण पळाला. भोंगाताई खोलीत गेली आणि मशीनखालचं भगवं कव्हर ओढून बाहेर काढलं. अर्धी शिवण उसवली, ती म्हणाली उसवू दे.

"ताई, ते आमचं कव्हर आहे!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच ते ओशाळले. "घ्या, घ्या. न्या. थांबा, ही काठीही न्या."

माणसांनी होडगं चिखलातून ओढत पाण्यापर्यंत नेलं. भाऊजी वल्ह्यांवर बसले, भोंगाताई समोर, मांडीवर ताडपत्रीचा गठ्ठा. दाराखालून जाताना वर पाहायचं धाडस तिला झालं नाही. कमानीच्या छतातून थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाला तिला वाटत होतं, आता दगड. बाहेर आल्यावर कड्याला चिकटून निघाले. पाणी गढूळ झालं होतं, मेलेले मासे तरंगत होते, वरून अजून बारीक खडे घरंगळत होते. लहानपणापासून पाहिलेल्या जागी नुसता ढिगारा होता आणि त्याच्या मधोमध नातीचा बुंधा, लाट आली की बुडायचा, लाट गेली की वर यायचा.

"इथेच," भाऊजी म्हणाले. त्यांनी दोराचा फास बुंध्यावर टाकला, तो निसटला, पुन्हा टाकला. दोर सैल होता, म्हणून वल्ह्यांनी होडगं जागेवर धरावं लागत होतं. दोन्ही हात त्यातच गुंतले. भोंगाताईने कव्हर काठीला गुंडाळलं, खाली लोंबतं ठेवलं आणि उभी राहिली. होडगं डुगडुगलं. तिला पोहता येत नव्हतं, हे सांगायला ती विसरली होती.

समोर आजोबा, आणि त्यांच्या एका अंगाला धुरकट, रिकामा समुद्र.

बसून राहता आलं असतं, बोट दिसेपर्यंत. पण तिने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर सरळ ताणून धरली आणि तशीच उभी राहिली. आता तिच्या मनात काय काय येत होतं ते विचारू नका. पोर आधीच येऊन गेली असेल तर? करवतीवर आपटून पलीकडे कुठे... छे, आवाज आला असता. दुसरीच कुठली वाट धरली असेल तर? दुसरी वाट नाहीच. भगवं दिसलं आणि तिला वाटलं, कुणीतरी बुडतंय, आणि ती सरळ माझ्याकडेच आली तर? मीच तिला करवतीवर बोलावलं असं होईल. गळ्यातला सेट खरखरत होता, पण बटण दाबायला हात मोकळा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं आणि सांगायची सोय नव्हती. सकाळी विचारायचं काय, तर पाणी प्यायलीस का! तिला स्वतःचाच असा राग आला की डोळे भरून आले, आणि ते पुसायलाही हात नव्हता.

"वहिनी, दमलात तर सांगा."

"तुम्ही होडगं धरा."

आणि बोट दिसली. आधी नुसता ठिपका, मग पांढरं नाक, मग टपावरच्या टोप्या. आवाज अजून येत नव्हता. भोंगाताईने काठी आणखी वर ताणली. खांद्यातून कळ गेली. बोट सरळ येत होती, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या रेषेत, आणि मग एकाएकी तिचं नाक डावीकडे झुकलं.

"वळतेय!" भाऊजी किंचाळले. "वळतेय, वळतेय!"

भोंगाताईला ओरडता आलं नाही. ती हललीही नाही. नात हलत नाही. हात वर, मान सरळ, जशी कपाटामागे उभी राहायची तशी ती उभी होती, आणि मनातल्या मनात सांगत होती, बघ गं, बघ, अजून लपले नाही, अजून दिसतेय मी, बघ.

बोटीचं नाक क्षणभर तसंच राहिलं. मग हळूच, अगदी हळूच, परत उजवीकडे आलं. बोट सरळ झाली.

"पाहिलं!" भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "पाहिलं वहिनी, तिने पाहिलं!"

आता बोट पुढे येत होती आणि आजोबांच्या कडेकडे सरकत होती. भोंगाताईला चाकामागे उभी असलेली बारकी आकृती दिसली. लेकीने डोकं झाकलेलं नव्हतं. बोटीचं नाक आजोबांआड गेलं, मग टप जायला लागला. आई डोळे फाडफाडून बघत होती. एवढीशी उरली, आणखी एवढीशी.

"भाऊजी, पुढे घ्या जरा, दिसेनाशी होतेय!"

भाऊजींनी सवयीने वल्हं मारलं. होडगं पुढे सरकलं, आणि आजोबांच्या कडेवरून लेक पुन्हा दिसली. एक सुखाची लहर आईच्या अंगातून गेली, आणि पाठोपाठ तिला कळलं आपण काय केलं ते. आई दिसतेय म्हणजे लेक वळणार नाही. जितका वेळ ती तिला बघत राहील तितका वेळ लेक सरळ जाईल, सरळ ओढीत.

"मागे!" ती ओरडली. "मागे घ्या, भाऊजी, मागे! मी मेली, मला अक्कल नाही, मागे घ्या!"

भाऊजींनी अंगातली होती नव्हती ती ताकद लावून वल्ही उलटी मारली. होडगं बुंध्यावर आपटलं. आईने डोळे मिटले नाहीत. मिटता आले असते, पण तिने मिटले नाहीत. लेकीची बोट आजोबांआड जाताना तिने शेवटपर्यंत पाहिली, टप, मग मागची बाकं, मग एक हलणारी टोपी. मग नुसता दगड.

दगड आणि पाणी. इंजिनचा आवाज आजोबांच्या पोटाला थटून चहूबाजूंनी येत होता, कुठे आहे ते कळत नव्हतं. आणि तिच्या गळ्यात इतका वेळ खरखरणारा सेट एकदम थांबला. कुणीतरी पलीकडचं बटण दाबलं होतं.

"आई लपली. वळते."

एवढंच. मग पुन्हा खरखर.

इंजिनचा सूर बदलला, खाली उतरला, मग चढला. आजोबांच्या दुसऱ्या अंगाने पांढरं नाक बाहेर आलं, मग टप, मग टोप्यांचा तो सगळा घोळका, ज्यांना काहीएक पत्ता नव्हता. भगवी ताडपत्री धरून उभ्या असलेल्या बाईला पाहून ते खुशीत हात हलवत होते. एकाने तर फोटोही काढला. बोट सरळ दाराखाली गेली आणि आतल्या शांत पाण्यात शिरली.

भाऊजींनी वल्ही सोडली आणि तोंड ओंजळीत घेतलं. मोठा माणूस, पण हुंदके देऊन रडला. मग नाक पुसत म्हणाले, "वहिनी, बसा आता. झालं. आली पोर."

वहिनी बसल्या नाहीत. काठी तशीच वर, नजर दाराकडे.

"अहो, बसा ना! आता कशाला?"

गळ्यातला सेट पुन्हा खरखरायचा थांबला. या वेळी लेकीला बोलायला जरा वेळ लागला, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज धड नव्हता. तो साऱ्या बोटींवर, कचेरीत आणि धक्क्यावर सगळ्यांना ऐकू गेला.

"पोचले, आई. हात खाली."

आईने हात खाली घेतले.